केमो चालू असताना हाफ मॅरेथॉनची तयारी - कोणी केली आहे का?

पळता भुई (२४ नोव्हेंबर, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. सहा वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ५३, नाशिकरोड, नोकरी प्रेसमध्ये (हो, नोटांची. नाही, सँपल मिळत नाही). २०१९ ला शुगर बॉर्डरवर आली म्हणून पळायला लागलो आणि लागलो तो लागलोच. रविवारी जेलरोडवरून निघायचं, देवळाली कॅम्प, परत, मग मिसळ. चार हाफ (म्हणजे २१ किलोमीटर) झाल्यात, बेस्ट २ तास ९ मिनिटं. या जूनमध्ये जानेवारीच्या हाफचं बिब (छातीवर लावायचा नंबर) पण घेऊन ठेवलं, ठरवलं होतं दोनच्या आत यायचं.

जुलैत संडासवाटे रक्त. मी म्हटलं उष्णता असेल, उन्हाळाभर पळलोय. सब्जा काय, गुलकंद काय, महिना घालवला. शेवटी बायकोने धरून नेलं, कोलोनोस्कोपी केली आणि निघाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर. ऑगस्टमध्ये ऑपरेशन, जवळच्या दोन गाठींत (लिम्फ नोड) सापडला म्हणून स्टेज तीन. आता केमो चालू आहे, कॅपॉक्स म्हणतात त्याला. दर २१ दिवसांनी ऑक्सॅलीप्लॅटिनचं सलाईन आणि १४ दिवस सकाळ-संध्याकाळ कॅपेसिटाबीनच्या गोळ्या, मग सात दिवस सुट्टी. अशा आठ. चौथी १७ तारखेला झाली.

तब्येत म्हणाल तर वाईट नाही. उलट्या फार नाहीत. त्रास आहे तो थंडीचा. सलाईननंतर पाच-सहा दिवस फ्रीजचं हँडल धरलं तरी बोटांत झिणझिण्या, स्टीलच्या भांड्यातलं साधं पाणी प्यायलं तर घशात काचेचा चुरा गेल्यासारखं. आणि हे कुठे, तर नाशकात, डिसेंबर तोंडावर असताना! पेपरात निफाडचा पारा यायला लागला की माझ्या पोटात गोळा येतो.

तर प्रश्न असा की आठवड्यातून तीनदा चार-पाच किलोमीटर हळू पळतोय. हाफ करावी का? डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले हलका व्यायाम करा. हलका म्हणजे किती? म्हणाले जमेल तेवढा. आता रनरला जमेल तेवढा सांगणं म्हणजे मांजराला सांगणं की दूध हवं तेवढं पी. कोणी केलंय का असं? अनुभव सांगा, धीर नको, धीर खूप मिळालाय.

देवळाली एक्स्प्रेस (२४ नोव्हेंबर, १०.०५)

काका सलाम तुम्हाला!! तुम्ही फायटर आहात, नक्की करा. टेरी फॉक्सचं नाव ऐकलं असेल, एक पाय कॅन्सरने गेलेला, कृत्रिम पाय लावून कॅनडात रोज जवळजवळ मॅरेथॉनएवढं अंतर पळायचा, १४३ दिवसांत ५३७३ किलोमीटर. मनात आणलं की शरीर ऐकतं. मी येतो तुमच्यासोबत पेसर म्हणून, वेग धरून शेजारी पळायला.

मिसळ बहाद्दर (२४ नोव्हेंबर, १०.११)

मूळ मुद्दा राहिला. केमोत मिसळ चालते का?

पळता भुई (२४ नोव्हेंबर, १०.३०)

@मिसळ बहाद्दर नाही चालत. तोंड आलंय. रविवारी ग्रुपबरोबर जातो आणि दहीभात मागवतो, मालक माझ्याकडे असं बघतो की जसं मी दुकान बंद करायला आलोय.

कडूनिंब (२४ नोव्हेंबर, ११.५०)

कोणाला दुखवायचं नाही पण देवळाली एक्स्प्रेस, टेरी फॉक्स उपचार चालू असताना पळाला नाही. पाय १९७७ ला काढला, केमो तेव्हाच झाली, पळाला १९८० ला. आणि १४३ व्या दिवशी थांबला तो दमून नाही, फुप्फुसात पसरलं होतं म्हणून. पुढच्या वर्षी गेला, बावीस वर्षांचा होता. फार मोठा माणूस, वादच नाही, पण "मनात आणलं की शरीर ऐकतं" याचं उदाहरण तो नाही.

आणि ते फायटर वगैरे. माझा भाऊ रोज पहाटे पोहायला जायचा, सुपारीचं खांड कधी खाल्लं नाही, केमोची एक तारीख चुकवली नाही. गेला. आता तो काय कमी लढला? अंत्ययात्रेत एक जण मला म्हणाला, शेवटी शेवटी त्याने धीर सोडला हो. त्या माणसाशी मी आजतागायत बोललो नाही.

पळायचं तर पळा हो, पण त्याची परीक्षा करू नका.

आकडेमोड (२५ नोव्हेंबर, सकाळी ७.१५)

कडूनिंब, तुमच्या भावना समजतात पण व्यायामाचा फायदा आता नुसता समज राहिलेला नाही. २०२५ च्या जूनमध्ये चॅलेंज नावाचा अभ्यास छापून आला, तोही नेमका आतड्याच्या कॅन्सरवर. ८८९ पेशंट, अर्ध्यांना तीन वर्षं ट्रेनर देऊन व्यायाम, अर्ध्यांना नुसती माहितीपुस्तिका. पाच वर्षांनी रोग न उलटलेले व्यायामवाल्यांत ८०.३ टक्के, दुसऱ्यांत ७३.९. आठ वर्षांनी हयात ९०.३ विरुद्ध ८३.२. इतका फरक एखाद्या औषधाने पडला असता तर लाखाला एक इंजेक्शन विकलं असतं.

आपली डॉक्टरीण (२५ नोव्हेंबर, दुपारी २.२०)

मी डॉक्टर आहे पण पळता भुईंची डॉक्टर नाही, हे आधी.

आकडेमोड, अभ्यास खरा आणि मोठा आहे. पण त्यातला व्यायाम केमो संपल्यावर सुरू केला होता. शिवाय हाफ मॅरेथॉन नाही, बहुतेकांनी भराभर चालणं वाढवलं, म्हणजे साधारण आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण-एक तास. आणि व्यायामवाल्या गटात स्नायू-सांध्यांच्या दुखापती जास्त होत्या, १८.५ टक्के विरुद्ध ११.५.

केमो चालू असताना व्यायाम करू नये असं मुळीच नाही. थकवा कमी होतो, मूड सुधारतो हे बऱ्याच अभ्यासांत आलंय. आठवड्यातून तीनदा अर्धा तास मध्यम आणि दोनदा वजनाचा हलका व्यायाम, इतकं आम्ही आता सांगतोच. पण काका, तुमच्या औषधांची जोडी पळणाऱ्याच्या मुळावर येणारी आहे, आणि त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत म्हणून विचारते - तळपाय कसे आहेत?

कॅपेसिटाबीनने तळहात-तळपाय लाल होतात, आग होते, सोलतात. हँड-फूट सिंड्रोम म्हणतात. घर्षण, दाब आणि उष्णता याने वाढतं. पळणं म्हणजे दुसरं काय आहे? दुसरं ऑक्सॅलीप्लॅटिन. थंडीच्या झिणझिण्या जातात, पण डोस साठत गेला की बधिरपणा मागे राहायला लागतो, पायाखाली काय आलं ते कळत नाही. पहाटेच्या अंधारात आणि सध्याच्या खणलेल्या रस्त्यांवर हे धोक्याचं. तिसरं कमी वेळा होतं पण सांगायला हवं, कॅपेसिटाबीनने काही जणांत हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसतात. पळताना छातीत दुखलं, दाबल्यासारखं वाटलं तर ॲसिडिटी म्हणून घरी बसायचं नाही. थांबायचं, पुढची गोळी घ्यायची नाही आणि थेट दवाखाना. ताप १००.४ च्या वर, तरी तेच. जुलाब लागले असतील त्या दिवशी पळणं बंद. पोटाचं ऑपरेशन होऊन किती महिने झाले, सर्जनने जोर लावायला परवानगी दिली का, तेही विचारून घ्या, हर्निया वाट बघत असतो.

आणि एक साधा हिशोब. पाचवी ८ डिसेंबर, सहावी २९ डिसेंबर. तुमची हाफ दुसऱ्या रविवारी असेल तर तो केमोच्या त्या फेरीचा चौदावा दिवस. गोळ्यांचा शेवटचा दिवस. तळपायांसाठी याहून वाईट मुहूर्त पंचांगात सापडणार नाही.

मिसळ बहाद्दर (२५ नोव्हेंबर, २.४५)

डॉक्टरीणबाईंनी तर काकांची कुंडलीच मांडली.

जास्वंद (२५ नोव्हेंबर, रात्री १०.१०)

मी केलंय. म्हणजे हाफ नाही, दहा किलोमीटर. माझा स्तनाचा होता, औषधं वेगळी त्यामुळे माझं तुम्हाला तसंच लागू होणार नाही. आधी चार लाल सलाईनं (ती दिली की लघवी लाल होते, पहिल्या दिवशी मी घाबरून आईला हाक मारली होती) आणि मग बारा आठवडे दर आठवड्याला एक. मी कृषीनगरच्या ट्रॅकवर जायचे. नवरा म्हणायचा घड्याळ काढून ठेव. नाही काढलं आणि ती चूक झाली, कारण रोज दिसायचं की कालच्यापेक्षा हळू, परवापेक्षा हळू, किलोमीटरला साडेसात मिनिटांचा पेस साडेनऊवर गेला आणि मी ट्रॅकवर बसून रडले. हिमोग्लोबिन ८.६ होतं हो! गाडीत पेट्रोल नाही आणि मी इंजिनाला शिव्या देतेय. त्यानंतर घड्याळ कपाटात. बोलता येईल इतक्याच वेगाने जायचं, धाप लागली की चालायचं. सोबतीला शेजारच्या काकू यायच्या, त्यांचं बोलणं कधी बंदच होत नाही त्यामुळे वेग आपोआप बेताचा.

रक्ताचा रिपोर्ट हाच माझा कोच होता असं समजा. पांढऱ्या पेशी खाली असतील तर गर्दीत जायचं नाही, म्हणजे ग्रुप रनही नाही.

पळता भुई (२६ नोव्हेंबर, सकाळी ६.५०)

सगळ्यांचे आभार. डॉक्टरीणबाई, तळपाय थोडे लाल आहेत पण मला वाटलं बुटांनी असेल. जास्वंद, घड्याळाचं एकदम पटलं, पण काढवत नाही हो. कडूनिंब, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला.

पंचवटी पासधारक (२६ नोव्हेंबर, ११.३०)

अवांतर: उपचार नाशकातच का मुंबईला? मुंबईला जात असाल तर रेल्वेचं कन्सेशन घ्या, हॉस्पिटलकडून फॉर्म भरून आणावा लागतो. स्लीपर आणि थ्री एसीला पेशंटला पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के. पंचवटी एक्स्प्रेसच्या एसी चेअर कारला दोघांनाही ७५ टक्के. आमच्या डब्यात परळला जाणारे नेहमी असतात, निम्म्यांना माहीत नसतं, पूर्ण तिकीट काढून येतात.

पळता भुई (२६ नोव्हेंबर, दुपारी १.००)

इथेच, नाशकात. पण माहिती कामाची आहे, डे केअरमध्ये शेजारच्या खाटेवर येवल्याचे एक आहेत, स्कॅनला मुंबईला जातात, त्यांना सांगतो.

त्र्यंबकची वाट (२७ नोव्हेंबर, रात्री ८.१५)

पळण्यातलं मला काही कळत नाही पण लांब अंतराचं थोडं कळतं. आमची आई निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकहून पंढरपूरला जायची, एकवीस वर्षं सलग. त्यानंतर तिला कॅन्सर निघाला आणि याच गोळ्या चालू झाल्या, कॅपेसिटाबीन. तळपायाची साल अशी निघायची की बटाटा सोलल्यासारखी. ज्येष्ठ आला, तिने पिशवी भरली. घरात भांडणं. शेवटी तिच्या डॉक्टरांनीच तोड काढली, सुट्टीच्या आठवड्यात जा, सोबत कोणीतरी हवं, ताप आला तर परत.

मी रजा काढून गेलो. नाशकातून पळसेपर्यंत चालली, तिथे पाय बघितले आणि गुपचूप दिंडीच्या ट्रकमध्ये जाऊन बसली. मला वाटलं आता रडेल. नाही. ट्रकमध्ये बसून भाजी निवडायला लागली. सिन्नरला उतरून गावातून अर्धा किलोमीटर चालली, परत ट्रक. आठवडा संपला तशी घरी आलो. मी म्हटलं आई, वारी अर्धीच झाली. म्हणाली, दिंडीत होते ना.

मेंदी लावायची ती तळपायाला, थंड वाटतं म्हणून. उपयोग होतो का माहीत नाही.

आपली डॉक्टरीण (२७ नोव्हेंबर, ९.००)

साधी पाल्याची मेंदी लावतात बरेच जण, ठोस पुरावा नाही पण बरं वाटतं म्हणतात. मात्र कोनातली काळी मेंदी अजिबात नको, त्यात केमिकल असतं. युरिया असलेलं क्रीम दिवसातून दोन-तीनदा, हे नक्की करा. शिवाय आपल्याकडेच, दिल्लीच्या एम्समध्ये, डायक्लोफेनॅकच्या जेलवर चांगला अभ्यास झालाय, कॅपेसिटाबीन घेणाऱ्यांत मध्यम-तीव्र त्रास जेलवाल्यांत ३.८ टक्के, साध्या जेलवाल्यांत १५. कंबरदुखीला चोळतो तेच औषध. पण आपल्या डॉक्टरांना विचारूनच, मनाने ट्यूब आणू नका.

आणि त्र्यंबकची वाट, तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

देवळाली एक्स्प्रेस (२८ नोव्हेंबर, ७.३०)

काकांनी ट्रकमध्ये बसावं असं म्हणायचंय का तुम्हाला सगळ्यांना?

मिसळ बहाद्दर (२८ नोव्हेंबर, ७.४१)

ट्रकमध्ये मिसळ असेल तर मी बसतो.

पळता भुईची बायको (९ डिसेंबर, रात्री ११.२०)

नमस्कार. ह्या धाग्याबद्दल मला आज मुलाने सांगितलं, म्हणून खातं उघडलं. टाइप करायची सवय नाही.

ह्यांनी तुम्हाला सगळं सांगितलं पण ४ तारखेचं सांगितलं नाही. गोळ्यांची सुट्टी चालू होती, ताकद आल्यासारखी वाटत होती, तर मला म्हणाले दूध आणायला जातो आणि गेले कॅम्पला. बारा किलोमीटर. दीड-दोन तासांनी आले, दूध नव्हतंच. बाथरूममध्ये गेले ते बाहेर येईनात. मी दार ढकललं तर स्टुलावर बसून मोजा काढत होते आणि मोजा निघत नव्हता, टाचेपाशी चिकटला होता. कोमट पाण्याचं घमेलं आणून भिजवून भिजवून काढला. मोज्याबरोबर साल आली. हे म्हणाले दुखत नाही. मी म्हटलं दुखत नाही तीच तर काळजी.

काल पाचवी केमो होती. डॉक्टरांनी पाय बघितले आणि केमो दिलीच नाही. १५ तारखेला या म्हणाले, गोळ्याही कमी केल्या. आठ दिवस मागे गेलं. घरी येताना रिक्षात हे एक शब्द बोलले नाहीत.

मी पळू नका म्हणत नाही. ह्यांच्या पळण्यामुळेच ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी वॉर्डात फेऱ्या मारत होते, सिस्टर सांगत होत्या की असा पेशंट बघितला नाही. पण मला एवढंच विचारायचंय की तुमच्यापैकी कोणी जानेवारीत ह्यांच्याबरोबर पळायचं कबूल केलं असेल तर त्याने मला आधी फोन करावा. दुधाचं मी बघते.

मिसळ बहाद्दर (९ डिसेंबर, ११.३१)

वहिनी, जोक मागे घेतो. सगळे.

देवळाली एक्स्प्रेस (१० डिसेंबर, सकाळी ६.०५)

काकू, पेसर म्हणून येतो म्हणणारा मीच. सॉरी. मला खरंच वाटलं होतं की उत्साह देतोय.

कडूनिंब (१० डिसेंबर, ९.२०)

एक्स्प्रेस, मनाला लावून घेऊ नको. तुझ्या वयात मी पण भावाला हेच म्हणायचो.

पळता भुई (१० डिसेंबर, रात्री ९.०५)

कबूल. सगळं खरं आहे. फक्त बारा नाही, ११.८.

गंमत जाऊ द्या. मला काय झालं होतं ते सांगतो. चार महिने झाले, जो भेटतो तो पोटाकडे बघून बोलतो. ऑफिसात, लग्नात, बिटको चौकात. त्या दिवशी कॅम्पच्या रस्त्यावर एक पोरगा शेजारून गेला आणि म्हणाला, "काका, लेफ्ट ठेवा." बस. इतकंच. त्याला माझं काही माहीत नव्हतं. इतकं बरं वाटलं की वळायचं तिथे वळलो नाही, पुढे गेलो. पायांचं कळलंच नाही, बधिर होते.

केमो पुढे गेली तेव्हा डॉक्टर रागावलेसुद्धा नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पळायचं कशासाठी तर केमो झेपावी म्हणून, आणि पळण्यामुळेच केमो चुकली, म्हणजे उलटीच वरात.

हाफ रद्द. बिब दुसऱ्याला देता येत नाही, नियम आहे. घड्याळ बायकोच्या कपाटात, किल्ली तिच्याकडे. आता गोल्फ क्लबवर चालतो, उन्हं वर आल्यावर, साडेनऊ-दहाला, रिटायर लोकांच्या बॅचला. सगळ्यात लहान मीच. गोळ्यांच्या दुसऱ्या आठवड्यात चालणंही कमी, घरात खुर्चीवर बसून पायांचे व्यायाम आणि रबर बँड.

जास्वंद (११ डिसेंबर, दुपारी १२.१५)

"काका लेफ्ट ठेवा" वाचून डोळ्यांत पाणी आलं. मला ट्रॅकवर एका बाईने स्कार्फ कुठून घेतला विचारलं होतं, तिला खरंच फक्त स्कार्फच हवा होता.

त्र्यंबकची वाट (११ डिसेंबर, १.००)

शर्यतीत भाजी निवडायचं काही काम असतं का?

पळता भुई (११ जानेवारी, संध्याकाळी ५.५०)

असतं! @त्र्यंबकची वाट, तुमच्यामुळे सुचलं. ग्रुपवाल्यांनी आयोजकांशी बोलून मला गंगापूर रोडच्या एका टेबलावर उभं केलं. आधी पाण्याच्या टेबलावर ठेवत होते. सहावी केमो ५ तारखेला झालीय, पहाटेची थंड बाटली हातात धरली तर मीच ओरडलो असतो. म्हणून केळी. दोन हातमोजे एकावर एक, कानटोपी, मफलर, मास्क, फक्त डोळे दिसत होते. डॉक्टरांना विचारून गेलो, उघड्यावर असाल आणि रक्तातले काउंट बरे आहेत तर जा म्हणाले. बायको शेजारी साल गोळा करायच्या पोत्यापाशी, पहारा म्हणा.

दोन जाड मोजे हातात घालून केळं अर्धं मोडून बघा कधी. पहिली वीस तर चेंदली. मग बायको मोडायची आणि मी द्यायचो. देवळाली एक्स्प्रेस आला १ तास ५२ ला येणाऱ्या बसबरोबर (पेसरमागचा घोळका), ओळखलंच नाही मला, "थँक्यू काका" म्हणून केळं घेऊन गेला.

शेवटचे चालणारे गेल्यावर टेबल आवरलं आणि त्यांच्या मागे एक किलोमीटर चालत गेलो. बिब खिशात होतं, घडी घालून. वेळ विचारू नका, घड्याळ कपाटात आहे.

देवळाली एक्स्प्रेस (११ जानेवारी, ६.१०)

ते तुम्ही होतात???? काका मला वाटलं कोणी माकडटोपीवाले आजोबा आहेत.

आपली डॉक्टरीण (११ जानेवारी, ८.३०)

पाय?

पळता भुई (११ जानेवारी, ८.४५)

गुलाबी. सोललेले नाहीत. रात्री क्रीम चोपडून सुती मोजे घालून झोपतो, बायको म्हणते बाळंतीण दिसता. सातवी सव्वीसला येत होती पण झेंडावंदनाची सुट्टी, म्हणून सत्तावीसला.

मिसळ बहाद्दर (११ जानेवारी, ८.५२)

केळी उरली का?